खेळातला हाय आणि घरातला हाय

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात शमशेर सीटकव्हरवाल्याचा शब्द कॅलेंडरच्या जागी चालायचा. गाडीची सीट मंगळवारी देतो म्हणाला की मंगळवारी उजाडायच्या आत ती दुकानापुढं टांगलेली असे. आज वार कोणता यावरून नवरा-बायकोत जुंपली तर लोक भिंतीकडं बघत नसत, शमशेरच्या दुकानावरून एक चक्कर मारून येत. गावात असंही सांगतात की एका साली पंचांगवाल्यांची तिथी एक दिवस पुढं सरकली होती आणि शमशेरच्या टांगलेल्या सीटा बघून त्यांनी ती गुपचूप मागं घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात या माणसाच्या तोंडून खोटं म्हणून निघालं नव्हतं. गिऱ्हाईक भडक जांभळं कव्हर हातात घेऊन "हे माझ्या गाडीला शोभंल का?" असं विचारायचं, तेव्हासुद्धा तो खरं सांगायचा. त्यामुळं धंदा बेताचाच होता.

असा माणूस पत्त्यांच्या नादी लागला तो सीटांमुळंच. मोटारसायकलची सीट उसवली की आत काय काय निघतं हे फक्त सीटवाल्याला माहीत. शमशेरला लायसनं सापडली होती, न पोचवलेल्या लग्नपत्रिका सापडल्या होत्या, एकदा तर सरड्याचं नांदतं कुटुंब निघालं होतं आणि त्याची दुसरीकडं सोय होईपर्यंत गाडीवाल्याला आठ दिवस पायी हिंडावं लागलं. गेल्या दोन-तीन वर्षांत सीटांखालून 'गडझुंज'चे पत्ते निघायला लागले.

गडझुंज म्हणजे बदाम-इस्पिकचा खेळ नव्हे. याचे पत्ते पाच-पाचच्या बंद पाकिटात येतात, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. कुणाला हत्ती निघतो, कुणाला मुंगळा. लोक ते जमवतात, अदलाबदल करतात, त्यातले चाळीस निवडून आपला कॅट बांधतात आणि समोरासमोर बसून झुंजवतात. पत्त्यावर एक प्राणी आणि त्याची ताकद, एकपासून दहापर्यंत; थोडे पत्ते नुसत्या चालींचे. दोघांचा एकेक गड, गडाला वीस दम. दम संपले की गड पडला. मोठी मोठी कमावती माणसं हा खेळ खेळतात आणि बायकोच्या धाकानं पत्ते सीटखाली दडवून विसरून जातात.

शमशेर सापडलेला प्रत्येक पत्ता चिमट्यानं दोरीवर लावायचा आणि खाली पाटी: 'ज्याचा असेल त्याने न्यावा.' हत्ती, गेंडे, वाघ लगेच जात. मुंगळे, मधमाश्या, साळिंदरं, खेकडे यांना मालक फुटत नसे. महिनाभर कुणी नेला नाही की तो पत्ता शमशेरचा. अशा चाळीस बेवारशांचा त्याचा कॅट झाला. त्याला पेट्रोलचा वास यायचा आणि कोपरे फोमसारखे मऊ पडले होते. खेळ शिकवला त्याच्या मुलीनं, अरफानं. ती नगरला फार्मसी शिकत होती. शिकवल्यावर बापाकडून ती इतक्या वेळा हरली की तिनं रविवारी घरी येणं कमी केलं. शेवटी वैतागून तिनंच विभागीय स्पर्धेत आपल्या नावाखाली बापाचं नाव घातलं. म्हणाली, "अब्बा, आता दुसऱ्यांनापण थोडा त्रास द्या."

स्पर्धा रविवारी, नगरला, सावेडीच्या एका मंगल कार्यालयात. शमशेरनं ही गोष्ट गावात एकाच माणसाला सांगितली आणि तो एक माणूस सहादेव निघाला.

सहादेव त्याचा शाळेपासूनचा दोस्त. येत्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी त्याला फ्लेक्स लावायला कारणं लागत. गावात कुणाची म्हैस व्याली तरी तो शुभेच्छुक म्हणून गॉगल घालून हजर. शमशेरची आई इमामबी हिला मात्र पत्त्यांचं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे पोलीसपाटील. शमशेर तिला एवढंच म्हणाला, "अम्मा, नगरला जाऊन येतो." हे खोटं नव्हतं, जरा आखूड होतं.

रविवारी सकाळी एसटी गावाबाहेर पडताना चौकात वळली आणि शमशेरला खिडकीतून सहादेव दिसला, दोन मजले उंच. गॉगल, कानाला मोबाईल, बोट आकाशाकडं. खाली अक्षरं: 'हार्दिक अभिनंदन. बेलापूरचे सुपुत्र शमशेरभाई यांचा विभागीय पत्ते स्पर्धेत प्रथम क्रमांक आल्याबद्दल. शुभेच्छुक, सहादेव आणि मित्रमंडळ.' अगदी खालच्या कोपऱ्यात, झेंडूच्या छापील हारात, ताटलीएवढा शमशेर होता. फोटो आधार कार्डावरचा.

शमशेरनं फोन लावला.

"सहादेव, आरं हे काय करून ठिवलंय?"

"दिसला का? झ्याक आलाय न्हाई?"

"आरं मी आजून बशीत हाय. पहिला नंबर कुठनं आला?"

"येनार हाय की. फ्लेक्सवाल्याचं दुकान रविवारी बंद असतंय, म्हनून शनवारीच छापून घेतला. सोमवारी लावला तर शिळा वाटतो."

"आनि हरलो तर?"

हा विचार सहादेवच्या डोक्यात शिरायला जागा शोधत होता.

"तसं करू नको," सहादेव म्हणाला. "गावात एक तूच हाईस, ज्याचं नाव टाकलं की लोक फ्लेक्सवर इस्वास ठेवत्यात. माझ्या नुसत्या फोटूला कोन इचारतंय."

"उतरव तो."

"लावलेला फ्लेक्स उतरवत न्हाईत, गड्या. इलेक्शनच्या तोंडावर अपशकुन असतो. तू तिकडं ध्यान दे."

अठ्ठावीस वर्षं जपलेलं तोंड आणि आता भर चौकात दोन मजली कापड त्याच्या नावानं खोटं बोलत उभं होतं. विळद घाट येईपर्यंत शमशेरच्या लक्षात आलं की ते खरं करायचा एकच रस्ता उरलाय. संध्याकाळच्या आत पहिलं यायचं. दुसरा नंबर आला तरी तो खोटारडा.

मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती. आठ-दहा तालुक्यांतून चौसष्ट खेळाडू आले होते. बहुतेकांच्या पत्त्यांना प्लॅस्टिकची आवरणं, वर दुसरी आवरणं, आणि ते ठेवायला मखमली डबे. पोरीला हुंड्यात डबा दिला असता तरी चालला असता असे. शमशेरनं आपला कॅट टायरच्या ट्यूबमधून कापलेल्या रबरानं बांधून आणला होता. रबर सोडलं की पत्ते श्वास घेतल्यासारखे फुगत.

पहिल्या फेरीत त्याला राहुरीचा एक वाघवाला भेटला. वाघाची ताकद आठ, पण वाघ एका डावात एकदाच धावतो. शमशेरच्या सात मधमाश्या सात वेळा चावल्या. दुसऱ्या फेरीत संगमनेरच्या गृहस्थांचे तीन हत्ती मुंगळ्यांनी असे जेरीला आणले की ते गृहस्थ घरी गेल्यावर साखरेचा डबा उंच फळीवर ठेवतात म्हणे. अरफा दुसऱ्याच फेरीत बाद झाली आणि पुढच्या खुर्चीवर येऊन बापाच्या पिशवीवर लक्ष ठेवत बसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेट्रोलच्या वासाचा माणूस कोण याची चर्चा पुलाव वाढणाऱ्यांपर्यंत पोचली होती. चारच्या सुमाराला शमशेर फायनलला होता.

फायनल स्टेजवर, नवरा-नवरीच्या लाल सिंहासनांवर. मधे टीपॉय. दोघं वर चढले तशी साउंडवाल्यानं सवयीनं सनई लावली आणि ती बंद करायला पंचांना स्वतः खाली जावं लागलं.

पंच पुण्याच्या, देवश्री मॅडम. वय तिशीच्या आत, पण नियम सांगताना आवाज कोर्टातला. समोरचा खेळाडू केदार, नगरचाच, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, अंगानं बारीक, बोलायला गोड. त्याच्या कॅटमध्ये सगळं दांडगं जनावर. हत्ती, गेंडे, रानरेडे, मगरी. बारीकसारीक पत्ते म्हणून दोन-चारच, त्यातलं एक चिलट, ताकद एक.

"काका, तुमचे पत्ते जुने आहेत का?" केदारनं विचारलं.

"जुने न्हाईत. सीटखाली बसून बसून थकलेत."

तासभर झुंज चालली. केदारचा एकेक हत्ती शमशेरच्या गडाच्या भिंती पाडत होता आणि शमशेरची मधमाशी जाऊन हत्तीच्या कानात बसत होती. शेवटी शमशेरच्या गडाचे दोन दम उरले आणि केदारच्या गडाचे तीन.

मग केदारनं 'टेहळणी' टाकली. हा पत्ता टाकला की आपल्या कॅटमधले वरचे तीन पत्ते स्वतःपुरते बघता येतात आणि हवे तसे लावता येतात. त्यानं बघितले, लावले, आणि पुढच्याच पाळीला 'कौल' टाकला. सभागृहात खुर्च्या सरकल्या.

कौल म्हणजे सोक्षमोक्ष. ज्यानं टाकला त्याच्या कॅटमधला वरचा पत्ता उलटायचा. त्याआधी समोरच्यानं सांगायचं, हाय की लो. एक ते पाच लो, सहा ते दहा हाय. समोरचा चुकला तर त्याच्या गडाचे तीन दम जातात. बरोबर आला तर टाकणाऱ्याचे तीन जातात. म्हणजे कसंही झालं तरी आता एक गड पडणार होता.

सगळ्यांनी केदारच्या कॅटमधली जनावरं दिवसभर बघितलेली. तिथं कुणीही हायच म्हणालं असतं. पण शमशेर सीटवाला होता. जे गिऱ्हाईक घरून माप घेऊन येतं आणि तरी "किती भरेल हो?" म्हणून भोळेपणानं विचारतं, ते त्याला लांबून ओळखू यायचं. हा पोरगा मघाशी आत बघून आलाय. वर चिलट ठेवलंय आणि आता मला विचारतोय. शमशेरनं मनाशी 'लो' पक्कं केलं. फ्लेक्स खरा व्हायला एक शब्द बाकी होता.

देवश्री मॅडमनी हात वर केला. "शमशेरकाका, मी विचारल्यानंतर तुमच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हाच पुकारा धरला जाईल. हाय की लो?"

आता इथं इमामबीच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. वय पंच्याहत्तर, उंची दारातल्या रांजणाएवढी, आणि आवाज असा की ती प्रवरेच्या या काठावरून शेरडांना हाक मारायची तर पलीकडच्या काठावरची दुसऱ्याची शेरडंसुद्धा घरी परतायची. एकदा ती भिंगारला, लष्करी छावणीशेजारी, बहिणीकडं गेली होती आणि अंगणातून बहिणीच्या नातवाला "मागं फिर" म्हणून ओरडली, तर सकाळची अर्धी परेड मागं फिरली असं बहीण अजून सांगते. फोन ती वापरायची तो लोकांना बरं वाटावं म्हणून. तिला त्याची गरज नव्हती.

नेमक्या त्या क्षणी पुढच्या खुर्चीवर अरफाचा फोन वाजला. तिनं घाईघाईनं उचलून कानाला लावला, आणि त्या बिनस्पीकरच्या फोनमधून सगळ्या मंगल कार्यालयाला ऐकू गेलं:

"अरफा, आगं शमशेर हाय का?"

बावन्न वर्षांची सवय. आईनं विचारलं की शमशेरचं तोंड आधी उघडायचं आणि डोकं मागनं पोचायचं.

"हाय," शमशेर स्टेजवरून म्हणाला.

देवश्री मॅडमनी वहीत लिहिलं. केदारच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि सभ्य मुलगा असल्यामुळं त्यानं ते हातानं झाकलं.

"पुकारा हाय," मॅडम म्हणाल्या. "पत्ता उलटा."

"थांबा," शमशेर सिंहासनावरून उठला. "मी पुकारलं न्हाई. मी माझ्या आईला ओ दिली."

"पण शब्द हायच होता ना?"

"हाय."

"मग झालं."

"तसं न्हवं. हाय म्हंजे हाय. तुमचा तो इंग्रजी हाय न्हवं, आमचा घरातला हाय."

"मॅडम, नियम," केदार हळूच म्हणाला. "पहिला शब्द."

"प्रमाण मराठीत 'आहे' असा शब्द आहे," मॅडम म्हणाल्या. "तो म्हटला असता तर प्रश्नच आला नसता."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कारण मागच्या दाराशी, उरलेल्या खुर्च्या मोजत, मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक शामकांत सर उभे होते. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. व्याकरणाची संधी हुकल्यापासून ते झुरत चालले होते, असं त्यांच्या घरचे म्हणतात. ते खुर्च्यांची वही बंद करून थेट स्टेजवर आले.

"प्रमाण म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"सर, स्पर्धा चालू आहे."

"तीच तर सोडवतोय. श्रीगोंद्यापासून अकोल्यापर्यंत लाखो माणसं उठल्यापासून झोपेपर्यंत 'हाय' म्हणतात. ती काय दिवसभर पत्ते खेळतात? वाक्य बघा. 'शमशेर हाय का?' कर्ता शमशेर. क्रियापद हाय. उत्तर, 'हाय'. कर्ता अध्याहृत. तुमचा इंग्रजी हाय हे विशेषण. विशेषणाला नाम लागतं. इथं नाम कुठाय? दाखवा मला."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सर, नाम मगर हाय, पालथी हाय."

"गप बस. हासुद्धा तोच हाय वापरतोय, बघा."

सभागृहात दोन तट पडले. शहरातले केदारच्या बाजूला, खेड्यातले व्याकरणाच्या बाजूला, आणि पुलाववाले दोन्हीकडं पाणी देत हिंडायला लागले. चाळीस मिनिटं गेली. शामकांत सरांनी नवरा-नवरीच्या नावाच्या थर्माकोलच्या पाटीवर क्रियापद चालवून दाखवलं. मी हाय, तू हाईस, त्यो हाय. शेवटी देवश्री मॅडम म्हणाल्या, "व्याकरण राहू द्या. प्रश्न काय विचारला होता, ते विचारणाऱ्यालाच विचारते."

मघाशी घाबरून कापलेला फोन अरफानं परत लावला आणि त्यांच्या हातात दिला. मॅडमनी तो कानापासून हातभर लांब धरला. शहाणी बाई.

"आजी, मी देवश्री. इथली पंच बोलतेय."

"कोन सरपंच?"

"सरपंच नाही. पंच."

"पंच?" इमामबीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "पंचनाम्याचे पंच आलेत व्हय? मंग गेला म्हना की माझा पोरगा."

"नाही नाही, आजी, कुणी गेलेलं नाही."

"मला फसवू नको, बाई. चौकात फोटू लागलाय त्याचा. भवतीनं हार हाय. मला लिवाय-वाचाय येत न्हाई, पन वाढदिवस न्हाई त्याचा, ते मला ठावं हाय. मानसाचा फोटू हार घालून चौकात कवा लागतो? त्यात त्यो फोटू आसा, का तोंडावर रक्ताचा ठिपूस न्हाई."

सभागृहातलं हसू अर्ध्यात थांबलं. आधार कार्डाचा फोटो सगळ्यांच्या खिशात होता.

"दुपारपासनं फोन लावतीया, लागंना," इमामबी म्हणाली. "म्हनून पोरीला इचारलं, शमशेर हाय का म्हनून."

शमशेर मॅडमच्या शेजारी आला आणि फोनवर वाकला. "अम्मा, मी हाय. बोलतोय की. खेळनाऱ्यांना फोन बंद ठिवायला लावलाय हितं."

पलीकडं नाक शिंकरलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. मग: "जेवलास?"

"पुलाव खाल्ला."

"बरं. ठिवते."

देवश्री मॅडमनी चष्मा पुसला. काच कोरडी होती, तरी बराच वेळ पुसला. मग वहीत पहिली ओळ खोडून त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिलं, "खेळाडू जिवंत असल्याचे खेळाडूने आईस कळवले. हा पुकारा धरता येणार नाही." खेड्यातल्या बाजूनं टाळ्या वाजल्या. शामकांत सरांनी त्या व्याकरणाच्या वतीनं स्वीकारल्या.

"काका, एक औपचारिक प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "आईंचा फोन आला नसता तर तुम्ही काय पुकारणार होतात?"

खालून अरफानं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या लक्षात आलं होतं. बापानं आता फक्त गप्प बसायचं होतं, मॅडम परत विचारतील, हा लो म्हणेल, चिलट निघेल आणि कप घरी. पण त्या बापाला विचारलं की सांगायची खोड होती.

"लो," शमशेर म्हणाला.

"का?"

"ह्यानं मघाशी टेहळनीत वर चिलट ठिवलंय."

केदारचा हात आपोआप कॅटवर गेला. मॅडमनी वरचा पत्ता उचलून एकट्यानं बघितला आणि परत ठेवला.

"दोघांनाही वरचा पत्ता कळलाय असं दिसतं," त्या म्हणाल्या. "मग तो कौल राहिला नाही. कॅट पुन्हा पिसला जाईल."

अरफानं कपाळाला हात लावला तो तिथंच राहिला. शमशेर सिंहासनावर बसला. जिंकलेला डाव त्यानं स्वतःच्या तोंडानं मोकळा सोडला होता, आणि तिकडं चौकात दोन मजली सहादेव आकाशाकडं बोट करून उभा होता.

केदारनं कॅट सात वेळा पिसला. शमशेरनं काटला. आता आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच की कॅट दांडग्या जनावरांचा आहे. शमशेरनं डोळे मिटले. अरफानं फोनची बॅटरीच काढली असती, पण आजकालच्या फोनची ती निघत नाही, म्हणून तिनं फोन पिशवीत, पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि वर बसली.

"हाय की लो?"

"हाय."

मॅडमनी पेन वहीवर टेकवलं आणि उचललं. "नक्की कोणता? खेळातला की घरातला?"

"खेळातला."

केदारनं पत्ता उलटला. गेंडा होता. ताकद नऊ.

चाळीस मिनिटं ज्या माणसानं 'हाय' पुकारलंच नाही असं सिद्ध केलं होतं, तो 'हाय' म्हणून जिंकला. साउंडवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं सनई लावली आणि या वेळी ती कुणी बंद केली नाही. केदारनं हात पुढं केला. "काका, पुढच्या वर्षी खेळ सुरू व्हायच्या आधी आजींना एक फोन करून ठेवा."

बापलेक कप घेऊन एसटीनं निघाले. बेलापूर येईपर्यंत शमशेरनं तो मांडीवर असा धरला होता की कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट घ्यायचं का म्हणून विचारलं. आता फ्लेक्स खरा होता. अक्षर न् अक्षर.

चौकात गर्दी दिसली. हलगी वाजत होती. शमशेर खाली उतरला आणि पाहतो तर माणसांच्या मधोमध सहादेव, गळ्यात तीन हार, कपाळाला गुलाल. चहाच्या टपरीवरचे काकासाहेब शमशेरकडं बघून म्हणाले, "सहादेवचा कप तू आनला व्हय?"

"सहादेवचा?"

"मंग. पत्त्यात पहिला आला न्हवं त्यो. केवढा फोटू लागलाय, दिसत न्हाई का तुला?"

दोन मजले सहादेव आणि ताटलीएवढा शमशेर. एवढी खालची अक्षरं वाचायला चौकात कोण थांबतं? सकाळपासून गावानं सहादेवचं अभिनंदन केलं होतं. दुपारपर्यंत त्यानं नाही नाही म्हणून हात हलवले, लोक म्हणाले काय विनय आहे बघा, आणि त्यानंतर हार जड झाल्यामुळं त्याला हात हलवता येईनात.

"मी सांगत हुतो रे," सहादेव गर्दीतून त्याच्याजवळ येत म्हणाला, "पन ऐकतंय कोन. तू जिंकलास का पन?"

शमशेरला पेच पडला. बोलावं तर स्वतःची बढाई, गप्प बसावं तर गावभर खोटं. त्यानं काकासाहेबांच्या बाकड्यावर कप ठेवला.

"मी खेळलो. पहिला मी आलो. सहादेव हितंच हुता."

हलगी थांबली. लोकांनी शमशेरकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं. मग काकासाहेबांनी उठून सहादेवच्या गळ्यातला एक हार काढला आणि शमशेरच्या गळ्यात घातला. सहादेवच्या मापाचा हार शमशेरच्या गुडघ्यापर्यंत आला.

"दोन ऱ्हाऊ द्या मला," सहादेव म्हणाला. "फ्लेक्स म्या लावलाय."

तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली. इमामबी आली होती. तिनं आधी मुलाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग दंडाला चिमटा काढला. तो कळवळल्यावर तिचं समाधान झालं.

"पत्ते खेळलास?"

"खेळलो, अम्मा."

"पैसे लावलं व्हतं?"

"न्हाई. मुंगळं लावलं व्हतं."

हे तिला पटलं असावं, कारण तिनं पुढं विचारलं नाही. ती सहादेवकडं वळली. "हा फोटू उतरव."

"चाची, आठ दिस तरी ऱ्हाऊ द्या. खरा झालाय आता."

"आठ दिस माझ्या पोराला हार घालून टांगून ठिवतोस व्हय?"

"शास्तर असतंय, चाची. लावलेला उतरवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी इमामबीनं घरून पाट आणला आणि फ्लेक्सखाली मांडून बसली. येणारा-जाणारा वर बघायला लागला की ती कोपऱ्यातल्या ताटलीकडं बोट करायची आणि म्हणायची, "ह्यो माझा पोरगा. जित्ता हाय. घरीच हाय. आत्ताच भाकर खाऊन दुकानात गेलाय." एसटी थांबली की ती खिडक्यांना सांगायची. उसाचे ट्रॅक्टर हळू झाले की ड्रायव्हरांना सांगायची. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते प्रवरेच्या पलीकडं पोचलं होतं, दुसऱ्या दिवशी श्रीरामपुरात. तिसऱ्या दिवशी सहादेवनं स्वतः खांबावर चढून फ्लेक्स सोडला, कारण फ्लेक्सवरच्या गॉगलवाल्याकडं आता कुणीच बघत नव्हतं.

स्पर्धेचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पण पुढं महिनाभर लांबलांबची माणसं शमशेरच्या दुकानापुढं गाडी थांबवत, त्याला नीट बघून घेत, आणि एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून सीटचं माप देऊन जात.